विषमता आणि चोरी: तुमचा आलेख उलटा का निघाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वेगवेगळ्या देशांचे गिनी गुणांक (उत्पन्नातली विषमता मोजणारा आकडा: शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, एक म्हणजे सगळं एकाकडेच) आणि पोलिसांकडे नोंदलेल्या चोऱ्यांचे दर तुम्ही एकाच आलेखावर मांडले. जिथे विषमता जास्त तिथे चोऱ्या जास्त, अशी अपेक्षा होती. निघालं भलतंच. उत्तर युरोपातले कमी विषमतेचे देश चोऱ्यांच्या यादीत वर, आणि प्रचंड विषमता असलेले कितीतरी देश खाली. मग ‘विषमतेमुळे चोऱ्या वाढतात’ हे विधान चूक समजायचं का, आणि प्रबंधाचा विषय बदलायचा का, असं तुम्ही विचारलंय.

विषय बदलू नका. तुमचं गणित बरोबर आहे, फक्त प्रश्न फार उंचावरून विचारला गेलाय. गुन्ह्यांच्या आकडेवारीवर मी वीसेक वर्षं काम करतेय, आणि या विषयात नव्याने आलेल्या बहुतेकांनी पहिला आलेख हाच काढलेला मी पाहिलाय. देशाची सरासरी बघून कुणी चोरीला निघत नाही. चोरी करणाऱ्याला सरळ मार्गाने किती मिळू शकतं, आणि त्याच्या पायाच्या टप्प्यात राखण नसलेलं काय आहे, यावर ते ठरतं. देशाचा गिनी गुणांक या दोहोंपैकी काहीच सांगत नाही. पुढे जे लिहितेय ती याचीच फोड आहे, आणि कुठे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलतं तेही त्यातच येईल.

आधी आकड्यांचं बघू. पोलिसांकडे नोंदलेली चोरी म्हणजे झालेली चोरी नव्हे. मधे एक माणूस असतो, ज्याला ठरवायचं असतं की फिर्याद द्यायला जायचं की नाही. वस्तूचा विमा असेल तर भरपाईसाठी पोलिसांचा कागद लागतो, म्हणून तो जातो. आपलं ऐकून घेतील असा भरवसा असेल तरी जातो. विमा नाही, भरवसा नाही, वर दिवसाची मजुरी बुडणार, असं असेल तर तो घरी बसतो. त्यामुळे नोंदलेल्या चोऱ्यांचा दर पुष्कळदा चोऱ्यांपेक्षा विम्याचा प्रसार आणि पोलिसांवरचा विश्वास मोजत असतो. मी एकदा एका भागातल्या चोऱ्यांची अचानक झालेली वाढ तपासत होते. बेकारी, स्थलांतर, सगळं चाळून झालं. शेवटी कळलं की तिथे नवी पोलीस चौकी उघडली होती आणि फिर्याद देण्याचं अंतर कमी झालं होतं. चोऱ्या बहुधा तितक्याच होत्या. तेव्हापासून कुठलीही वाढ दिसली की मी आधी नोंदणीत काय बदललं ते विचारते.

या अडचणीवर उपाय म्हणून १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्हेपीडित सर्वेक्षण सुरू झालं. निरनिराळ्या देशांतल्या लोकांना थेट एकसारखे प्रश्न विचारायचे: गेल्या काळात तुमच्याकडे चोरी झाली का, आणि झाली तर तुम्ही ती कळवली का. देशादेशांची तुलना करायचीच असेल तर अशा सर्वेक्षणांवर करा. विषमता आणि गुन्हे यांवरचं इतकं संशोधन खुनांभोवती का फिरतं, याचंही कारण हेच. खून सहसा लपत नाही, तो मोजला जातो. भुरटी चोरी सहज हरवते.

आता सिद्धांताकडे. अर्थशास्त्रात या चर्चेचा पाया गॅरी बेकर यांच्या १९६८ च्या लेखाने घातला. चोरीतून मिळणारा लाभ, पकडलं जाण्याची शक्यता आणि शिक्षा, आणि कायद्याच्या मार्गाने होऊ शकणारी कमाई, यांची माणूस तुलना करतो, असा तो विचार. १९७३ मध्ये आयझॅक एर्लिक यांनी अमेरिकेतल्या राज्यांची आकडेवारी घेऊन दाखवलं की मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या उत्पन्नाच्या) निम्म्याहूनही कमी कमावणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे मालमत्तेचे गुन्हेही जास्त. समाजशास्त्राची वाट निराळी. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये मांडलं की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो आणि तिथे पोचण्याचे रस्ते मात्र थोड्यांनाच देतो, तेव्हा काही जण आडरस्ता धरतात.

दोन्ही वाचून वाटतं की विषमता वाढली की चोरी वाढलीच पाहिजे. पण लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांचा १९७९ चा लेख समोर ठेवला की चित्र गुंतागुंतीचं होतं. त्यांच्या मते गुन्हा घडायला तीन गोष्टी एका ठिकाणी, एका वेळी यायला लागतात: करायला तयार असलेला माणूस, सोयीचं लक्ष्य, आणि राखणाऱ्याचा अभाव. विषमता पहिली गोष्ट वाढवू शकते. दुसरीही वाढवू शकते, कारण चोरण्याजोगं जास्त दिसतं. पण ज्यांच्याकडे पैसा साचतो ते त्यातलाच काही भाग कुंपण, कॅमेरे आणि पहारेकऱ्यांवर खर्च करतात, म्हणजे तिसरी गोष्ट कमी होते. शेवटी पारडं कुठे झुकेल ते जागेवर ठरतं. म्हणून या विषयात ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ हे उत्तर पळवाट ठरत नाही. फक्त कोणत्या परिस्थितीवर, ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

इथे गिनी गुणांकाबद्दल मला मनापासून एक सांगायचंय, कारण तुमच्या प्रबंधातली सर्वांत मोठी फट तिथेच आहे. तो गुणांक दोन अगदी वेगळ्या कारणांनी वाढतो. एका देशात वरच्या थरातल्या मूठभर लोकांचे शेअर आणि जमिनी वधारतात, तळाचा माणूस आहे तिथेच राहतो. दुसऱ्या देशात वरचे आहेत तिथेच राहतात आणि तळाच्या माणसाची मजुरी घसरते. आकडा दोन्हीकडे सारखाच वाढेल. पण पहिल्या देशात चोरी करणाऱ्याच्या दृष्टीने फारसं काही बदललेलं नाही, कारण शेअर खिडकीतून उचलून नेता येत नाहीत. दुसऱ्या देशात मात्र त्याचं घर चालणं अवघड झालंय. हे दोन देश आलेखावर एकाच ठिपक्यावर बसवले तर उत्तर कसं सापडणार?

तळाच्या कमाईचा चोरीशी संबंध आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही, आणि तो विश्वास मुख्यतः इतिहासातल्या अभ्यासांनी दिलाय. एकोणिसाव्या शतकात जर्मन संख्याशास्त्रज्ञ गेओर्ग फॉन मायर यांनी बव्हेरियातली आकडेवारी मांडून दाखवलं की राय हे धान्य महाग झालं की चोऱ्या वाढतात आणि स्वस्त झालं की घटतात. पण महागाईच्या काळात इतरही दहा गोष्टी बदलत असतात, म्हणून नुसत्या सहसंबंधावर विसंबता येत नाही. २००६ मध्ये हाल्वोर मेहलम, एडवर्ड मिगेल आणि राग्नार टोर्विक यांनी तीच जुनी आकडेवारी पुन्हा हाती घेतली आणि मधे पाऊस आणला. पाऊस काही माणसांच्या नीतीवर अवलंबून नसतो. अतिपावसाने पीक बुडालं, धान्य महागलं, आणि मालमत्तेचे गुन्हे वाढले. हिंसक गुन्हे मात्र कमी झाले. पिकाच्या नासाडीने बिअरही महागली आणि लोक कमी प्यायले, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. फ्रान्समधल्या फायलोक्सेरा किडीच्या साथीवरच्या अभ्यासातही तसंच दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. जिथे जिथे मळे गेले तिथे चोऱ्या वाढल्या आणि मारामाऱ्या घटल्या.

हे दोन अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला लावते. एक तर त्यांतली कारणमीमांसा स्वच्छ आहे. कीड काही चोरट्यांचा भाग निवडून येत नाही. दुसरं म्हणजे, चोरी आणि हिंसा एकाच टोपलीत टाकणं किती चुकीचं आहे ते एका फटक्यात कळतं. एकच आपत्ती एकीला वर आणि दुसरीला खाली नेते.

आधुनिक काळातही असाच पुरावा आहे. स्टीव्हन राफेल आणि रुडॉल्फ विंटर-एब्मर यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांत बेकारी आणि मालमत्तेचे गुन्हे यांचा ठळक संबंध दाखवला. एरिक गुल्ड, ब्रूस वाइनबर्ग आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी १९७९ ते १९९७ या काळात कमी शिकलेल्या पुरुषांची मजुरी घसरणं आणि गुन्हे वाढणं यांची सांगड घातली. मला सर्वांत बोलका वाटतो तो फ्रिट्झ फोली यांचा २०११ चा अभ्यास. अमेरिकेतल्या १२ मोठ्या शहरांत त्यांनी पाहिलं की जिथे सरकारी मदत महिन्याच्या सुरुवातीला एकदम मिळते, तिथे महिना सरत जाईल तसे पैशांसाठी होणारे गुन्हे वाढत जातात. जिथे मदत महिनाभर टप्प्याटप्प्याने वाटली जाते, तिथे असा चढउतार दिसत नाही. एका महिन्यात देशाची विषमता बदलत नाही, माणसांचे संस्कारही बदलत नाहीत. बदलते ती फक्त हातातली रक्कम.

इथवरचा धागा एकदा हातात घेऊ. नोंदींवर आंधळा विश्वास नको. गिनीपेक्षा तळाची स्थिती बघायची. चोरी आणि हिंसा वेगळी ठेवायची. आता दुसरा अर्धा भाग राहिला, तो म्हणजे अंतर.

हा मुद्दा या शास्त्राच्या जन्माइतकाच जुना आहे. आंद्रे-मिशेल गेरी यांनी १८३३ मध्ये फ्रान्सचे गुन्ह्यांचे नकाशे छापले, तेव्हा मालमत्तेचे गुन्हे श्रीमंत उत्तरेत जास्त दिसले आणि लोक चक्रावले. दोनच वर्षांनी बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी लिहिलं की फ्रान्समधल्या अत्यंत गरीब विभागांपैकी एक असलेला क्रूझ, आणि तसाच गरीब लक्झेंबर्ग प्रांत, इथे गुन्हे फारच थोडे आहेत. त्यांचं स्पष्टीकरण आजही वाचण्यासारखं आहे. जिथे सगळेच साधेपणाने राहतात, गरजा थोड्या आणि संपत्तीतली तफावतही थोडी, तिथे गरिबी माणसाला चोरीकडे ढकलत नाही. जिथे अफाट श्रीमंती आणि दैन्य एकाच जागी राहतात, आणि बरी स्थिती असलेला माणूस एकाएकी खाली कोसळतो, तिथे मोह आणि गरज एकत्र येतात. म्हणजे तुमच्या उलट्या आलेखाचं निम्मं उत्तर १८३५ मध्येच देऊन झालंय.

‘एकाच जागी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दक्षिण आफ्रिका जगातल्या सर्वाधिक विषम देशांपैकी एक. तिथे गॅब्रिएल डेमोम्बाइन्स आणि बर्क ओझलर यांनी पोलीस ठाण्यांच्या हद्दी घेऊन अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आजूबाजूच्या हद्दींपेक्षा जी हद्द सर्वांत श्रीमंत, तिथे घरफोड्यांचं प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी जास्त आढळलं. देश तोच, कायदा तोच, राष्ट्रीय गिनीही तोच. फरक पडला तो शेजाऱ्यांमुळे.

पण हेही सगळीकडे लागू करू नका. विम बर्नास्को आणि पॉल निउबेर्टा यांनी हेग शहरातल्या घरफोड्यांचा अभ्यास केला, तेव्हा परिसराची श्रीमंती निर्णायक ठरली नाही. चोराच्या घरापासून तो परिसर किती जवळ आहे, याने जास्त फरक पडला. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या, पूर्वी घरफोड्या करणाऱ्या काही जणांशी माझं जे बोलणं झालं त्यातही हेच पुन्हा पुन्हा यायचं. अनोळखी श्रीमंत वस्तीत शिरलं की आपण लगेच परके दिसतो, पळायचं कुठून ते माहीत नसतं, म्हणून ते नको. माहितीच्या गल्लीत, कोण कधी घरी नसतं ते ठाऊक असतं. त्यामुळे गरिबाच्या घरी होणारी चोरी बहुधा दुसरा गरीबच करतो.

ही या विषयातली सर्वांत दुखरी बाजू आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. विषमता वाढली की चोर श्रीमंतांच्या दारी जातील, असं चित्र आपल्या मनात असतं. रफाएल दि तेया, सेबास्तियन गालियानी आणि एर्नेस्तो शार्ग्रोद्स्की यांनी अर्जेंटिनात १९९० च्या दशकात आलेल्या गुन्ह्यांच्या लाटेचा अभ्यास केला. घरात शिरून होणाऱ्या लुटींचा वाढीव भार मुख्यतः गरिबांवर पडल्याचं त्यांना दिसलं, कारण श्रीमंतांनी गजर बसवले आणि खासगी पहारा ठेवला. रस्त्यावरच्या लुटीत असा फरक राहिला नाही. रस्त्यावर सगळे सारखेच उघडे असतात. अमेरिकेतल्या पीडित सर्वेक्षणांतही घरफोडीचं प्रमाण सर्वांत कमी उत्पन्नाच्या घरांतच सर्वाधिक दिसतं. ज्याच्याकडे गमवायला एकच वस्तू असते आणि विमा नसतो, त्याचीच ती जाते. विषमतेची ही किंमत कुठल्याही गिनी गुणांकात उतरत नाही, आणि मला तीच सर्वांत अन्यायाची वाटते.

आता तुमच्या प्रश्नातली दुसरी अडचण. १९९० नंतर अनेक श्रीमंत देशांत विषमता वाढत असताना चोऱ्या मात्र घटल्या. अमेरिकेत कुटुंबांच्या उत्पन्नाचा गिनी १९९१ मध्ये ०.४३ च्या आसपास होता, २०१९ मध्ये ०.४८ च्या. त्याच काळात नोंदलेले मालमत्तेचे गुन्हे लाखामागे सुमारे ५,१०० वरून सुमारे २,१०० वर आले. यावरून विषमतेचा काही परिणाम नसतो असं म्हणता येत नाही. दुसरीकडून राखण इतकी वाढली की तिने तो परिणाम झाकून टाकला. इंजिन इममोबिलायझरचंच घ्या. योग्य किल्लीशिवाय गाडी सुरूच होऊ न देणारं हे साधं उपकरण युरोपीय संघात १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. नेदरलँड्समध्ये त्याने वाहनचोरीची शक्यता निम्म्याच्या आसपास उतरवली, असा यान फान अवर्स आणि बेन फोलार्ड यांचा अंदाज आहे. याच दोघांना असंही आढळलं की नव्या घरांना चोरीला दाद न देणाऱ्या खिडक्या-दारांची सक्ती केल्यावर तिथल्या घरफोड्या सुमारे पाव हिश्शाने कमी झाल्या. कुणाचंही उत्पन्न न बदलता हे घडलं. शिवाय घरातल्या उपकरणांच्या किमती पडल्या, म्हणजे चोरीच्या मालाला भाव उरला नाही, आणि लोक खिशात रोकड कमी ठेवू लागले.

जागेची तुलना आणि काळाची तुलना उलट उत्तरं देऊ शकतात, हे जेसी ब्रश यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या काउंटींच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) आकडेवारीवरून दाखवलं. एका वेळी वेगवेगळ्या काउंटी शेजारी ठेवल्या तर विषमता आणि गुन्हे एकाच दिशेने जातात. एकाच काउंटीत काळानुसार होणारा बदल पाहिला तर संबंध उलटा दिसतो. मॉर्गन केली यांना २००० मध्ये अमेरिकेतल्या शहरी भागांत विषमतेचा प्रभाव हिंसक गुन्ह्यांवर मोठा आढळला, मालमत्तेच्या गुन्ह्यांवर नाही. तिथे गरिबी आणि पोलिसांचं काम यांचाच संबंध दिसला. देशांच्या तुलनेत फाइन्झिल्बर, लेडरमन आणि लोआयझा यांना २००२ मध्ये जबरी चोरी आणि विषमता यांचा पक्का संबंध आढळला. तीनच वर्षांनी एरिक नॉयमायर यांनी जास्त देश घेतले, प्रत्येक देशाचं वेगळेपण हिशेबात धरलं, आणि तो संबंध टिकला नाही. हे सगळे गंभीर अभ्यासक आहेत. ते एकमेकांना खोडतात असं समजू नका. प्रत्येकाने थोडा वेगळा प्रश्न विचारलाय.

उपायांबद्दलही घाईने बोलू नका. २०१४ मध्ये सारा हेलर यांनी शिकागोतल्या १,६३४ तरुणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना उन्हाळ्यापुरतं काम दिलं होतं. सोळा महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी घटल्या. चोऱ्यांमध्ये मात्र ठळक घट दिसली नाही. काम दिलं की चोरी थांबते, इतकं हे सरळ नाही. काही आठवड्यांची मजुरी आणि कायमची मिळकत यांत फरक आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रस्तावनेत जरूर लिहा. आपण ‘मालमत्तेचे गुन्हे’ म्हणून जे मोजतो त्यात घरफोडी आहे, वाहनचोरी आहे, पाकीटमारी आहे. मजुराची बुडवलेली मजुरी, खोटे हिशेब, चुकवलेला कर त्यात सहसा नसतो. एडविन सदरलंड यांनी १९३९ मध्येच पांढरपेशा गुन्हेगारीकडे लक्ष वेधलं होतं, पण आपले तक्ते अजून फारसे बदललेले नाहीत. त्यामुळे विषमतेचा चोरीवर परिणाम शोधताना आपण नकळत फक्त गरिबांच्या चोऱ्या शोधतो. तळाच्या थरातली बहुसंख्य माणसं कितीही हलाखीत कुणाच्या वस्तूला हात लावत नाहीत. तुमचा संबंध परिसराच्या पातळीवर कितीही पक्का निघाला तरी त्यावरून एखाद्या माणसाबद्दल अनुमान काढायचा अधिकार मिळत नाही, हे वाक्य निष्कर्षाच्या अगदी शेजारी असू द्या.

आता कामाचं. देशादेशांची तुलना सोडा आणि एकच देश घ्या, म्हणजे कायदा आणि नोंदणीची पद्धत बऱ्यापैकी एक राहील. एकक जितकं लहान मिळेल तितकं घ्या. पोलीस ठाण्याची हद्द मिळाली तर उत्तम. गिनी ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्याजवळ मध्यकाच्या निम्म्याहून कमी उत्पन्न असलेल्यांचं प्रमाण आणि लगतच्या हद्दींशी असलेली उत्पन्नाची तफावत हे दोन रकाने हवेतच. घरफोडी, वाहनचोरी आणि जबरी चोरी यांची बेरीज कधीही करू नका. एकाच हद्दीत वर्षावर्षाला काय बदललं ते वेगळं तपासा, आणि त्या वर्षांत फिर्याद नोंदवण्याची सोय बदलली होती का, ते तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष विचारा. कागदावर ते सापडणार नाही.

सुरुवात वाहनचोरीपासून करा. विम्यासाठी आणि पुढच्या जबाबदारीतून सुटण्यासाठी मालक फिर्याद देतोच, म्हणून या नोंदी सर्वांत भरवशाच्या असतात. फक्त प्रत्येक हद्दीतल्या गाड्यांचं सरासरी वय मिळवा. गरीब वस्तीत जुन्या, इममोबिलायझर नसलेल्या गाड्या जास्त असतील, तर तिथल्या चोऱ्या विषमतेच्या खात्यावर टाकण्याआधी तो फरक वजा करावा लागेल.